जुनी छोटी गिटार दुरुस्त करायची, पण तारा कोणत्या लावायच्या? एका जॉबचा पूर्ण हिशोब



मागच्या व्हिडिओत मी टेबलावर एक छोटी जुनी गिटार ठेवली होती. विषय होता 'सर्व्हिस बिझनेसमध्ये रेट कसा काढायचा', पण निम्म्या लोकांनी विचारलं ते गिटारबद्दलच. तिचं पुढे काय झालं? तारा इतक्या बारीक का दिसत होत्या? आणि बारा हजारांत तर दोन नवीन गिटार येतात, मग कुणी जुनीवर एवढा खर्च का करेल?

व्हिडिओत हे सगळं मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. तुम्हाला गिटार येत नसली तरी वाचा. तुम्ही घड्याळं दुरुस्त करा, शिलाई मशीन करा नाहीतर जुनं फर्निचर करा, हिशोब हाच लागणार आहे.

आधी माझी चूक सांगतो

चार वर्षांपूर्वी दुकान नवीन होतं. कुठलंही काम आलं की मी 'हो, होऊन जाईल' म्हणायचो. असाच एक काका जुनी छोटी गिटार घेऊन आले. मी वरवर बघितलं, ३,५०० रुपये सांगितले, साफ केली, पॉलिश मारलं आणि दुकानात पडलेला सगळ्यात चांगला तारांचा सेट लावला. बारा-त्रेपन्नचा. आवाज एकदम दणदणीत! काका खूश, मी खूश.

दोन महिन्यांनी ते परत आले. ब्रिज, म्हणजे सतारीला आपण घोडी म्हणतो तो भाग, उखडून वर आला होता. नुसता उखडला असता तरी चाललं असतं. तो येताना खालच्या लाकडाचा पापुद्रा घेऊन आला होता. मी सहा दिवस त्यावर घालवले, एक पैसा घेतला नाही, पण पहिल्यासारखी गिटार काही झाली नाही. काका चिडले नाहीत. 'असू दे' म्हणाले आणि गेले. ते 'असू दे' मला अजून आठवतं.

चूक काय होती? मला वाटलं होतं की तारा म्हणजे शेवटी लावायची ॲक्सेसरी. खरं म्हणजे जुन्या गिटारमध्ये तारांचा निर्णय सगळ्यात आधी घ्यायचा असतो, कारण बाकीची दुरुस्ती त्या ताणाच्या हिशोबाने करायची असते.

या वेळची गिटार

गणपती झाल्यावर वसईच्या एक काकू दुकानात आल्या. हातात जुनी चादर, चादरीत गिटार. म्हणाल्या, "बाळा, ही माझ्या पप्पांची. ओटल्यावर बसून वाजवायचे. नातू चर्चच्या क्वायरमध्ये आहे, तो म्हणतो नाताळला हीच वाजवणार. होईल का?"

मी या वेळी 'होईल' म्हटलं नाही. म्हटलं, "काकू, दोन दिवस ठेवून जा. तपासणीचे ५०० रुपये लागतील. काम केलंत तर ते बिलात वळते होतील. नाही केलंत तरी गिटारला काय झालंय ते लिहून देईन."

हा पहिला धडा लिहून घ्या: तपासणी फुकट करू नका. फुकट तपासणी घाईत होते, आणि घाईत दिलेलं कोटेशन तुमच्याच खिशातून जातं.

ही गिटार छोटी का असते?

आज दुकानात दिसते ती मोठी गिटार ड्रेडनॉट आकाराची. तिचं अंग खालच्या बाजूला साडेपंधरा इंचांच्या आसपास रुंद असतं. काकूंची गिटार साडेबारा इंच. मान बाराव्या फ्रेटपाशीच अंगाला जोडलेली, तर आजच्या बहुतेक गिटारला ती चौदाव्या फ्रेटपाशी जोडलेली असते. अशा छोट्या गिटारला 'पार्लर' गिटार म्हणतात. पार्लर म्हणजे घरातली बैठकीची खोली. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत घरात बसून वाजवायला याच आकाराच्या गिटार असायच्या. अमेरिकेतली मार्टिन कंपनी १८३३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली आणि काही वर्षांत पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला गेली. तिच्या सुरुवातीच्या गिटारसुद्धा आजच्या मानाने छोट्याच होत्या.

आता महत्त्वाचा मुद्दा. त्या काळात तारा धातूच्या नव्हत्या, मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या असायच्या. त्यांचा ताण कमी. स्टीलच्या तारा सर्रास झाल्या त्या १९२०च्या दशकात, आणि नायलॉन आलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला. त्यामुळे जुनी छोटी गिटार हातात आली की पहिला प्रश्न ब्रँडचा नसतो. पहिला प्रश्न असतो, ही किती ओढ सहन करायला बांधलीय?

काकूंच्या गिटारचं लेबल फाटून गेलं होतं. काही बिघडत नाही. लाकूड स्वतःच सांगतं.

तपासणी: काय बघायचं आणि का

आरसा, मोबाईलचा टॉर्च, स्टीलची पट्टी आणि कागदाचा कपटा. एवढंच सामान लागतं.

१. आतल्या पट्ट्या. पुढच्या फळीला आतून लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असतील तर त्याला लॅडर ब्रेसिंग म्हणतात, फुलीसारख्या असतील तर एक्स ब्रेसिंग. स्टीलच्या ताणाला फुली जास्त चांगली टिकते. काकूंच्या गिटारला शिडी होती. बोटाने फळीवर हलकं टकटक केलं तर एका जागी खरखर आली, म्हणजे एक पट्टी सुटलेली.

२. ब्रिज. कागदाचा कपटा ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. आत गेला म्हणजे ब्रिज उचलला जातोय. इथे कपटा चांगला चार मिलिमीटर आत गेला.

३. मान. स्टीलची पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे न्यायची. पट्टीचं टोक ब्रिजच्या वरच्या कडेला टेकलं तर मानेचा कोन ठीक. खूप खाली आपटलं तर मान काढून परत बसवावी लागते. ते काम महाग आणि जोखमीचं. इथे टोक जवळजवळ कडेला होतं. हे झालं नसतं तर मी काकूंना नाहीच म्हणणार होतो.

४. मानेतला लोखंडी रॉड. आजच्या गिटारला मानेत ट्रस रॉड असतो, तो फिरवून मानेचा बाक कमी-जास्त करता येतो. जुन्या कित्येक गिटारना तो नसतो. इथेही नव्हता. म्हणजे जास्त ताणाने मान वाकली तर पाना लावून सरळ करायची सोयच नाही.

५. भेगा. फळीवर एक, ब्रिजच्या मागून खालपर्यंत.

६. स्केल. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. १२ इंच भरलं, म्हणजे स्केल २४ इंच. हा आकडा लिहून ठेवा, पुढे ताणाच्या हिशोबात लागणार आहे.

तारांचा ताण: सोपा हिशोब

तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: तार किती जड, किती लांब आणि किती उंच स्वरात लावली. लांबी आणि स्वराची कंपनसंख्या यांचा परिणाम वर्गाने होतो. म्हणून स्केल दीड इंचाने कमी झालं तरी ताणात चांगला फरक पडतो.

मोठ्या गिटारचं स्केल साधारण साडेपंचवीस इंच. त्यावर बारा-त्रेपन्नच्या सेटचा एकूण ताण ७४ किलोच्या आसपास जातो. तोच सेट २४ इंचांवर लावला तर ६५ किलोच्या आसपास. चौसष्ट-पासष्ट किलो म्हणजे एक मोठा माणूस त्या पातळ फळीला सतत लोंबकळतोय असं समजा. चोवीस तास, वर्षभर.

२४ इंचांच्या गिटारला माझ्यासमोर असलेले पर्याय असे होते. आकडे अंदाजे आहेत, ब्रँडप्रमाणे थोडे बदलतात:

- बारा-त्रेपन्न, नेहमीच्या स्वरात: ६५ किलो
- दहा-सत्तेचाळीस, नेहमीच्या स्वरात: ५४ किलो
- दहा-सत्तेचाळीस, अर्धा स्वर खाली उतरवून: ४८ किलो
- नॅशव्हिल किंवा हाय-स्ट्रंग पद्धत: ४९ किलो
- नायलॉन, साधा ताण: ३५ किलो

'बारा-त्रेपन्न' म्हणजे काय, हे नवीन लोकांसाठी सांगतो. सगळ्यात बारीक तार इंचाच्या हजाराव्या भागात १२ आणि सगळ्यात जाड ५३. दुकानात नुसतं 'बाराचा सेट', 'दहाचा सेट' म्हणतात.

सिल्क अँड स्टील नावाचाही एक सेट मिळतो. त्यात जाड तारांच्या आत स्टीलच्या गाभ्याबरोबर रेशमासारखा धागा असतो. ताण कमी, आवाज मऊ. तोही जुन्या गिटारला चालतो, पण जोरात वाजवणाऱ्याला तो मिळमिळीत वाटतो.

हाय-स्ट्रंग म्हणजे नेमकं काय?

आपल्या भाषेत सांगतो. गिटारच्या सहा तारांपैकी खालच्या दोन, म्हणजे बारीक तारा आहेत तशाच ठेवायच्या. बाकीच्या चार तारांचे स्वर तेच, पण सप्तक वरचं. खर्जाची तार काढून त्याच स्वराची एक सप्तक वरची बारीक तार लावायची, असं चार वेळा. बारा तारांच्या गिटारच्या सेटमधल्या ज्या जोडीच्या बारीक तारा असतात, त्याच या.

मी लावलेल्या तारा जाड बाजूकडून अशा: २७, १८, १२, ९, १४, १०. नीट बघा, मधली ९ची तार सगळ्यात बारीक आणि तिचा स्वर सगळ्यात उंच, पहिल्या तारेपेक्षाही वर. बोटं मात्र नेहमीच्याच कॉर्डला नेहमीसारखीच ठेवायची. वाजवणाऱ्याला नवीन काही शिकावं लागत नाही, कानाला मात्र वेगळंच वाद्य ऐकू येतं. आवाज चमचमता, थोडा संतूरच्या बाजूला झुकणारा.

अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये ही पद्धत रूढ झाली, म्हणून ते नाव पडलं. एक साधी गिटार आणि तिच्यावर एक हाय-स्ट्रंग, असं दोघांनी मिळून वाजवलं की बारा तारांची गिटार वाजतेय असं वाटतं. कॅन्सस बँडच्या 'डस्ट इन द विंड' या गाण्यातली गिटार अशीच दोन प्रकारांची मिळून आहे.

छोट्या गिटारला हे का शोभतं? छोट्या अंगाला खर्ज झेपत नाही. ती कितीही जाड तारा लावल्या तरी मोठ्या गिटारसारखी घुमत नाही. हाय-स्ट्रंगमध्ये खर्जच नसतो, त्यामुळे जी गोष्ट तिला जमत नाही ती आपण मागतच नाही. आणि बाराच्या सेटपेक्षा ताण चौथ्या हिश्श्याने कमी.

तोटेही सांगतो. ९ची तार तुटते, दोन-तीन जादा ठेवाव्याच लागतात. एकट्याने बसून वाजवलं तर आवाज पोकळ वाटतो, खाली आधारच नसतो. आणि जुन्या नटच्या रुंद खाचांत बारीक तारा हलतात, खडखडतात, म्हणून नट नवीन करावा लागतो.

गिऱ्हाइकाला विचारायचे तीन प्रश्न

तारा मी निवडत नाही. मी तीन प्रश्न विचारतो आणि उत्तरातून तारा निघतात.

एक, कोण वाजवणार? दोन, एकट्याने की आणखी गिटारबरोबर? तीन, आवाज आठवणीतला हवा की नवीन चालेल?

नातू म्हणाला, क्वायरमध्ये दोन मोठ्या गिटार आधीच आहेत. मग तर हाय-स्ट्रंगच! मी मनात ठरवूनही टाकलं होतं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पप्पा वाजवायचे ते असं खाली-खाली वाजायचं. जोरात नाही. तसंच पाहिजे."

आता बघा, पैसे देणाऱ्या काकू, वाजवणारा नातू, आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी हव्यात. अशा वेळी आपल्याला आवडलेलं सोल्यूशन गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायचा मोह होतो. मला झाला होता. पण मी म्हटलं, "आधी गिटार उभी करूया. मग दोन्ही ऐकवतो, ऐकून ठरवा." दोन्ही पर्यायांचा ताण जवळजवळ सारखाच, ४८ आणि ४९ किलो. म्हणजे दुरुस्ती एकाच हिशोबाने करता येणार होती.

दुरुस्तीचा क्रम

आधी वाळवणं. सप्टेंबरात आपल्या कोकणपट्टीच्या हवेत दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या पुढे असतो. लाकूड फुगलेलं असतं. त्या अवस्थेत भेग चिकटवली तर लाकूड सुकल्यावर ती शेजारी परत उघडते. बंद पेटीत सिलिका जेल आणि ८०० रुपयांचा आर्द्रतामापक ठेवून मी गिटार तीन आठवडे ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये ठेवली. या तीन आठवड्यांचं बिल होत नाही, पण तारीख देताना ते धरावेच लागतात.

आतली पट्टी. पातळ पातीने गोंद फटीत सरकवायचा, आतून छोटा जॅक लावून दाबायचं, चोवीस तास हात लावायचा नाही.

भेग. गोंद भरायचा, मग आतून लाकडाचे छोटे चौकोनी तुकडे भेगेवर आडवे चिकटवायचे. तुकड्यांचे रेषे भेगेच्या काटकोनात हवेत, नाहीतर तुकडाही भेगेबरोबरच फाटेल. हात पोहोचत नाही तिथे बाहेर एक चुंबक, आत एक चुंबक.

ब्रिज. जुन्या ब्रिजवर दोन मोत्यासारखे ठिपके असतात. ते नुसती शोभा समजू नका, खाली बोल्ट असू शकतात. इथे होते. आतून नट सोडले, ब्रिज हळूहळू गरम केला, पातळ सुरी रेष्यांच्या दिशेने सरकवली. पाऊण तास लागला. जुना सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, हीच त्याची खासियत. म्हणून मीही परत सरसच वापरला. नेहमीचा फर्निचरचा पांढरा गोंद इथे चालत नाही, सततच्या ओढीत तो सावकाश सरकतो. आणि झटपट चिकटणारा गोंद लावला तर पुढच्या कारागिराला सुरी घालायला जागाच राहत नाही.

पॉलिश. केलं नाही. किंचित ओल्या कपड्याने पुसलं, बस. काकूंच्या पप्पांच्या मनगटाने एका जागी पॉलिश झिजलं होतं. ते घासून नवीन केलं असतं तर मी त्यांच्याकडून पैसे घेऊन त्यांचीच वस्तू काढून घेतली असती.

फ्रेट, नट, सॅडल. फ्रेट बदलले नाहीत, समतल करून घासले. नट आणि सॅडल हाडाचे नवीन केले. जुने एका पिशवीत घालून नाव लिहून ठेवले. काढलेला प्रत्येक भाग गिऱ्हाइकाला परत करायचा, हा नियम.

एक गोष्ट सांगतो. मिरजेला सतार-तानपुऱ्याच्या कारागिरांकडे काम बघायला गेलात तर हेच दिसेल. तिथे जवारी लावणारा माणूस तार छेडतो, ऐकतो, थोडं घासतो, परत ऐकतो. त्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा कामाला घाईचा रेट लावता येत नाही, आणि आपण नेमकं तेच करतो.

आता पैशाचं बोलू

बीबीएला कॉस्ट शीट शिकलो तेव्हा ती कारखान्यांची वाटायची. दुकान टाकल्यावर कळलं, ती टेबल-खुर्चीच्या दुकानालाही लागते.

माझा महिन्याचा खर्च: भाडं १२,०००, वीज आणि नेट ३,५००, हत्यारं-गोंद-पॉलिश पेपर ४,५००, आणि माझा स्वतःचा पगार ३०,०००. एकूण ५०,०००. पगार धरला नाही तर तुम्ही धंदा करत नाही, फुकट नोकरी करताय!

महिन्याचे २५ दिवस. दिवसाचे आठ तास दुकान उघडं, पण गिऱ्हाईक, फोन, चहा, माल आणणं हे सोडून टेबलावर खरं काम पाच तास. म्हणजे १२५ तास. ५०,००० भागिले १२५, तासाला ४०० रुपये.

या गिटारचे तास:

- तपासणी: दीड
- साफसफाई: २
- आतली पट्टी: ३
- भेग: ३
- ब्रिज: ४
- नट-सॅडल: ३
- फ्रेट: ३
- तारा लावणं, जुळवणं, निरीक्षण: अडीच

एकूण २२ तास. बावीस गुणिले ४०० म्हणजे ८,८००. त्यात सामान १,९००. झाले १०,७००. त्यावर जोखीम आणि नफा मिळून १५ टक्के, म्हणजे १,६०५. एकूण १२,३०५. मी १२,३०० सांगितले.

चार वर्षांपूर्वी अशाच कामाला ३,५०० सांगितले होते. फरक बघा. तेव्हा मी स्वस्त नव्हतो, मला हिशोब येत नव्हता.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग ओळखीचा प्रश्न आला, "एवढ्यात नवीन दोन येतील ना रे?" मी म्हटलं, "येतील काकू. वाजवायला गिटार पाहिजे असेल तर नवीनच घ्या, मी दाखवतो. ही विकायला गेलात तर बारा हजार परत येतीलच असं मी सांगणार नाही. ही पप्पांची म्हणून करायची असेल तरच करा."

हे बोलायला जड जातं, कारण समोरचं काम जाऊ शकतं. पण हे आधी बोललात तर नंतर पैशावरून वाद होत नाही. मी कोटेशनही तीन पायऱ्यांत दिलं. पहिली पायरी, नुसती भेग आणि पट्टी स्थिर करून भिंतीवर ठेवण्यासारखी करायची. दुसरी, वाजवण्यासारखी करायची. तिसरी, मान काढण्याची वेळ आलीच तर थांबायचं आणि फोन करायचा. त्यांनी दुसरी पायरी निवडली, ५,००० ॲडव्हान्स दिला. तपासणीचे ५०० शेवटच्या बिलात वळते केले.

ऐकवण्याचा दिवस

नोव्हेंबरच्या शेवटी दोघं आले. आधी दहाचा सेट, अर्धा स्वर उतरवून. नातवाने दोन-चार कॉर्ड वाजवले. काकूंनी मान हलवली, "हे. हे असंच." मग मी नट-सॅडलची दुसरी जोडी बसवून हाय-स्ट्रंग लावलं. त्यात अर्धा तास गेला, तेवढ्यात चहा झाला. नातवाच्या मोबाईलवर क्वायरचं रेकॉर्डिंग होतं, त्याच्यावर त्याने साथ धरली. मोठ्या दोन गिटारच्या वर ही स्वच्छ ऐकू येत होती. काकू म्हणाल्या, "हे पप्पांचं नाही. पण चर्चमध्ये हेच लागणार."

मग ठरलं, नाताळपर्यंत हाय-स्ट्रंग, जानेवारीत परत आणायची. दोन्ही जोड्या आपापल्या पिशवीत, वर नाव. नट मी दोन थेंब सरसावरच बसवतो, त्यामुळे बदलताना काही मोडत नाही. दुसऱ्या जोडीचे वेगळे १,५०० घेतले, आधी सांगून. अर्ध्या स्वराने उतरवलेली गिटार बाकीच्यांबरोबर वाजवायची असेल तर पहिल्या फ्रेटवर कापो लावला की स्वर जागेवर येतो, हेही नातवाला दाखवलं.

देताना एक कार्ड गिटारच्या कव्हरमध्ये घातलं: 'दहापेक्षा जाड सेट लावू नये. बंद गाडीत, उन्हात ठेवू नये. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल.' त्यावर काकूंची सही, माझी सही, एक प्रत माझ्याकडे. सहा महिन्यांची वॉरंटी दिली, पण कार्डावरच्या अटींवर. चार वर्षांपूर्वी हे कार्ड असतं तर? तेव्हा तरी काही उपयोग नव्हता, कारण जाड तारा मीच लावल्या होत्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काकू आल्या, पिशवीसकट. मी आधी कागदाचा कपटा घेऊन ब्रिजची मागची कड तपासली. कपटा कुठेच आत गेला नाही. मग दहाचा सेट लावला, अर्धा स्वर उतरवला. बदलायचे ४०० रुपये झाले, तेही घेतले. आता ती गिटार घरी असते. काकू म्हणतात, नातू रविवारी ओटल्यावर वाजवतो.

तुमच्यासाठी गृहपाठ

१. तुमच्या महिन्याच्या खर्चात स्वतःचा पगार धरून तासाचा रेट काढा. टेबलावरचे खरे तासच मोजा, दुकान उघडं असल्याचे नाही.

२. तुमच्या धंद्यातली 'तारांसारखी' गोष्ट शोधा. जी शेवटची वाटते पण बाकी सगळं काम जिच्यावर ठरतं. शिंप्याला ते कापडाचं आकसणं असेल, केकवाल्याला डिलिव्हरीचं अंतर.

३. तपासणीचा एक पानी फॉर्म बनवा. फोटो, मोजमाप, अंदाज, सही.

४. 'नाही' कधी म्हणायचं ते काम येण्याआधीच लिहून ठेवा. समोर गिऱ्हाईक बसल्यावर 'नाही' सुचत नाही.

पुढच्या व्हिडिओत हा फॉर्म स्क्रीनवर दाखवतो आणि तुमच्यासमोर एक भरतो. तोपर्यंत तासाचा रेट काढून ठेवा. आकडा कमी आला तर घाबरू नका, पण लपवूही नका.

भेटूया!